जाऊन राहिले होते

दुर्गा गेल्याची तार सकाळी अकराला आली. तार वाचून मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तीन आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. मुलांनो, तुम्ही तिकडे कलकत्त्याला. आजोबांची ही धाकटी बहीण तुम्हाला सुट्टीपुरतीच ठाऊक. ती कोण होती ते लिहून ठेव, असं तुमच्या आईने कळवलं. इकडच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही तिच्यावर लेख हवा आहे. दोघांसाठी मिळून एकदाच लिहिते. गोड काही लिहिणं मला जमणार नाही.

जळगाव जामोदला शोकसभा झाली. चारजण बोलले. "बाईंच्या तोंडची वऱ्हाडी म्हणजे नुसती साखर," असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने तिची नक्कल केली, लोक हसले, मग डोळे पुसले. या चारांपैकी दोघे तरी तिची चौकशी झाली त्या वर्षी तिच्या नावाने कुजबुजत होते हे मला माहीत आहे. मी पहिल्या रांगेत होते. उठून जावंसं वाटलं... पण त्या लोकांना बोलायला मला तरी कुठे तोंड होतं?

माझं माहेर पुण्याचं. वडील इंग्रजी शाळेत हेडमास्तर, त्यामुळे मी मॅट्रिकपर्यंत शिकले. लग्न होऊन वऱ्हाडात आले तेव्हा दुर्गा पंधरा वर्षांची होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी तिला "वन्सं" म्हणाले, तर ती ओट्यावरून ओरडली, "दादा, पाह्य ना वं माय, वयनी मले काय म्हणून राह्यली! वन्सं म्हणजे वासरू काय बे?" सगळं घर हसलं. मी हसले नाही. नवऱ्याच्या बहिणीने नवऱ्याला "बे" म्हणावं, हे मला पटेना. त्या दिवसापासून मी तिला सुधारायला घेतलं ते तीस वर्षं.

बाविसाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. मी हट्टाने तिला शिकवलं, ट्रेनिंगला पाठवलं, आणि पुढे ती जळगाव जामोदजवळच्या एका गावी मुलींच्या शाळेत लागली. मुख्याध्यापिकाही झाली. त्याचं श्रेय मी सगळीकडे घेत असे. सुट्टीत ती बुलढाण्याला आमच्याकडे येई आणि घराची घडी विस्कटून जाई. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर. वर्तमानपत्राची पानं उलटसुलट. मिठाच्या बरणीचं झाकण साखरेच्या डब्यावर. मी चिडले की म्हणायची, "हाव वयनी, ठेवते ना," आणि ठेवायची नाही. त्यावर माझं सुरू होई. "मले नाही, मला. काऊन नाही, का. हाव नाही, हो." ती मान डोलवायची आणि पुढचं वाक्य पुन्हा "मले"नेच सुरू करायची. याचा मला फार राग येई. आज वाटतं, तेव्हाच तिचं बरं चाललं होतं.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कचेऱ्यांमध्ये पुणे-मुंबईकडचे साहेब येऊ लागले होते. "आंधी नागपूरचे साहेब हिंदीत रागवत, आता हे मराठीत रागावून राह्यले," असं दुर्गा म्हणे. त्या सुमारास शाळेच्या पाट्यांचा गठ्ठा रेल्वेने येऊन मलकापूरला पडला होता. तो आणायला ती एका सोमवारी निघाली. नांदुऱ्याच्या अलीकडे मोटार बंद पडली आणि ती बैलगाडीने दुपारी शाळेत परत आली. तेवढ्या वेळात कुणी तपासणीला येऊन गेलं. मागोमाग निनावी तक्रार गेली, की बाई शाळा टाकून मलकापूरला मुक्काम करते. बाई विधवा, मलकापूर रेल्वेचं गाव. बाकीचं लोकांनी मनानेच भरलं.

बुलढाण्याला चौकशी लागली. मी तिच्याबरोबर गेले. निघताना बजावलं, "वन्सं, तिथे मले-तुले नको. आणि विचारलं तेवढंच बोला, गावाची कहाणी नको." ती घाबरली होती. वाटेत पुटपुटत होती, "मला. तुला. होते. नव्हते..."

साहेब पुण्याकडचे, कारकूनही तिकडचाच. साहेबांनी घड्याळात पाहून विचारलं, "त्या सोमवारी तुम्ही कुठे होता?"

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं, एकेक शब्द जुळवला आणि म्हणाली, "मी मलकापूरला जाऊन राहिले होते."

कारकुनाने लिहून घेतलं. "पण मोटार..." ती म्हणाली.

"बाई, मोटारीचं मी विचारलेलं नाही," साहेब म्हणाले. आणि टेबलाखाली मी तिचा पाय दाबला.

तिला जबानी वाचून दाखवली. तिने सही केली. बाहेर आल्यावर ती लहान मुलीसारखी खूश होती. "एक बी चूक नाही झाली ना, वयनी?" मी तिची पाठ थोपटली. मीही खूश होते.

हुकूम आला तेव्हा तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. 'सदर शिक्षिकेने मलकापूर येथे जाऊन राहिल्याचे स्वतः मान्य केले आहे.' मुख्याध्यापिकेचं पद गेलं, बदली दूर दक्षिणेच्या तालुक्यात. ती कागदाकडे पाहत राहिली. "वयनी, मी पोचलीच नाही, तं राहीन कुठी?"

मला तेव्हा कळलं. वऱ्हाडात 'जाऊन राह्यली होती' म्हणजे जात होती, वाटेत होती. पुण्याच्या कानाला 'जाऊन राहिले होते' म्हणजे तिथे जाऊन मुक्काम केला होता. तिने शब्द माझे घेतले, वाक्य तिचंच राहिलं. मी तिला हे समजावलं. तिने हुकुमाच्या कागदाची घडी घातली.

"म्हणजे मी माह्या बोलीत बोलली असती, तं साहेबानं इचारलं असतं, हे काय भाषा हाय म्हणून?"

"हो."

"मले चुकू दिलं असतं तं मी वाचली असती, वयनी."

एवढंच. त्यावर ती कधी भांडली नाही, आणि याचाही मला राग आहे. मी इंग्रजीत तीन अर्ज केले, परिच्छेदांना आकडे घालून. सही केलेली जबानी बदलता येत नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. मी स्वतः साहेबांना भेटले. ते हसून म्हणाले, "बाई, आपण तर आमच्याकडच्या. 'जाऊन राहणे' म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवायला हवं का?" तीस वर्षं मी हेच घरात म्हणत आले होते, फक्त साहेबांसारखं हसून नाही. मी उठून आले.

दुर्गाने त्या परक्या गावात नोकरी पुरी केली आणि जळगाव जामोदला भावकीत येऊन राहिली. आमच्याकडे येत असे, पण आता वाक्याच्या मध्येच थांबायची आणि माझ्याकडे पाहायची. मी म्हणत असे, "बोला हो, कसंही बोला!" आणि तेही रागावूनच म्हणत असे. मग ती बोलायचीच नाही. टॉवेलसुद्धा दोरीवर नीट वाळत घालू लागली होती.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "वयनी, छातीत कळ निघून राह्यली." मी लगेच डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. "काय होतंय, आजी?" त्यांनी विचारलं.

"मले..." ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने हात छातीवरून काढून मांडीवर ठेवला आणि स्वच्छ म्हणाली, "मला काही त्रास नाही."

मी सकाळची गोष्ट सांगितली. डॉक्टर म्हणाले, "पेशंट स्वतः सांगतायत ना." त्यांनी कागदावर लिहिलं, तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी ती मोटारीने परत गेली, आणि आठ दिवसांनी ती तार आली.

त्या दिवशी डॉक्टरांना दारापर्यंत पोचवून मी खोलीत परतले, तेव्हा ती पलंगावर तशीच बसून होती. "बरोबर बोलली ना, वयनी?"

वाक्यात एकही चूक नव्हती. मी म्हटलं, "हो. अगदी बरोबर."