दिबोरमावशीचं मत

आमच्या म्बेलाख गावात सिनेमा आला तो सत्त्याण्णव सालच्या सुगीनंतर. दिबोर न्गोम या बाईचं त्या सिनेमाबद्दल काय मत होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ होती तेव्हा मी शेपूट घातलं. आता शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, दात गेले, गावप्रमुखाची भीतीही गेली, म्हणून लिहायला बसलोय.

दिबोरमावशी आमच्या शाळेच्या दाराशी भाजलेल्या शेंगा विकायची. उंच, काटक, तेव्हा सदुसष्ट वर्षांची. नवरा लवकर गेला होता. दोन मुली राजधानीत, डाकारला, धुण्याभांड्यांच्या कामाला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. गावाच्या कडेला तिची एक झोपडी आणि एक शेळी. ती शेळीशी तासन्‌तास बोलायची. मला म्हणायची, "तुम्ही बरे मास्तर. मान तरी हलवता. ती भवानी तोंड फिरवून बसते."

गावात लग्न असो, बारसं असो, मयत असो, पहिला निरोप तिला जायचा. मानाने नव्हे. बाजरी कांडायला, बकरं सोलायला, चुलीतली राख काढायला. न्गोम हे घराणं गावप्रमुखाच्या ज्यूफ घराण्याचं पिढीजात गुलाम. गुलामी कायद्याने जाऊन नव्वद वर्षं झाली होती, पण आमच्याकडे कायदा शहरातून निघतो आणि वाटेत कुठेतरी झोप काढतो. तो शब्द तिच्या तोंडावर कुणी काढत नसे. वागायचे मात्र सगळे त्या शब्दाप्रमाणेच.

तिला एकच भाऊ होता, लातीर. ती नऊ वर्षांची असताना फ्रान्सच्या सैन्यासाठी भरती करायला गोरा साहेब आला. प्रत्येक गावाने जवान पोरं द्यायची, आणि गावप्रमुखाने आपला मुलगाही द्यायचा, असा हुकूम होता. गावप्रमुखाचा मुलगा सेमू. त्याला बापाने आदल्याच दिवशी आजोळी पिटाळलं आणि त्याच्या जागी लातीरला उभं केलं. साहेबाला काय, त्याच्या डोळ्यांना आम्ही सगळे सारखेच. लातीर न्गोम हा 'सेमू ज्यूफ' होऊन बोटीत चढला आणि पुढच्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये जर्मनांच्या गोळीने मेला. खबर आली ती सेमू मेल्याची. आता कागदावर मेलेल्या सेमूचं काय करायचं? तो 'लातीर न्गोम' या नावाने कर भरत पुढे चाळीसेक वर्षं जगला. तो गेला तेव्हा मृत्यूचा दाखला मी लिहिला. लातीर न्गोम, वय साठ, घरी, पोटाच्या विकाराने. मी तेव्हा नवा मास्तर होतो. सांगितलं ते लिहिलं.

तुम्ही म्हणाल, कागदाचं काय एवढं. खरं आहे, दिबोरमावशीला कागदाचं काही नव्हतंच. आमच्याकडे माणूस गेला की गावप्रमुख मोठ्या चिंचेखाली उभा राहून त्याचं नाव तीनदा पुकारतो. मग घरच्या बाईने झाडाच्या मुळाशी दूध ओतायचं. नाव पुकारलं नाही तर तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, वेशीबाहेर उभाच. सेमू गेला तेव्हा चिंचेखाली सेमूचंच नाव पुकारलं होतं, कारण दाखल्यात खोटं लिहिता येतं, पण चिंचेशी खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. लातीरचं नाव कधीच पुकारलं गेलं नाही. दिबोरमावशी सत्तावन्न वर्षं दूध ओतायला थांबली होती. गावात सगळ्यांचीच तेरी भी चूप, मेरी भी चूप.

तर तो सिनेमा. डाकारच्या लोकांनी काढलेला, फ्रान्ससाठी लढायला गेलेल्या आमच्या काळ्या शिपायांवर. गाडी दुपारीच आली. शाळेच्या खिडक्यांना चटया लावून आम्ही अंधार केला, भिंतीवर चादर ताणली. सोबत राकी वान नावाची एक मुलगी होती. सिनेमा संपला की लोकांना तो कसा वाटला हे विचारून वहीत उतरवायचं, हे तिचं काम. ती तुकुलोर जमातीची आणि आम्ही सेरेर, म्हणजे पूर्वापार थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, चोर म्हणायचं, आणि जो रागावला तो हरला.

दारातच म्हातारा जेगान सार तिला म्हणाला, "या, या! आमची पळून गेलेली गुलाम आली! अगं, पाणी भरायला पाठवली होती ना तुला? कुठं उलथली होतीस?"

राकीही खमकी. "तुम्हालाच धरून न्यायला आलेय आजोबा. दोरी गाडीत आहे. पण आधी जेवते. सेरेरांच्या घरी काही उरू दिलं तर आई रागावते."

सगळी शाळा हसली. दिबोरमावशी तेवढी हसली नाही. ती या थट्टेला कधीच हसत नसे.

सिनेमा दोन तासांचा. शेवटी पडद्यावर खऱ्या मेलेल्यांची नावं आली, गावांसकट. गावात वाचता येणारे थोडे, म्हणून राकीने मला चादरीशेजारी उभं केलं. मी आमच्या भागातली नावं मोठ्याने वाचत गेलो. आणि वाचता वाचता माझ्या तोंडून गेलं, "सेमू ज्यूफ, म्बेलाख."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाली ज्यूफ, आताचा गावप्रमुख, सेमूचा सख्खा पुतण्या, छातीवर हात ठेवून उभा राहिला. "आमचे काका!" म्हणाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. याच माणसाने अठरा वर्षांपूर्वी त्याच काकांना शेवटची आंघोळ घातली होती.

मग मतं सुरू झाली. जेगान अल्जीरियात लढून आलेला, तो आधी उठला. "बंदूक अशी धरतात? मुसळ धरल्यासारखी? आणि त्या सार्जंटचे बूट बघितलेत का? महिनाभर चिखल तुडवतोय आणि बूट लग्नातल्या नवऱ्यासारखे!"

"आणि बर्फ, आजोबा?" राकीने विचारलं.

"तो बर्फ नव्हे, कापूस. बर्फात माणूस एवढं भाषण करत नाही. दात वाजतात."

पाणवठ्यावरच्या बायकांचं म्हणणं पडलं, की नायकाची बायको रडली छान, पण डोक्यावरचं फडकं जराही हललं नाही. खरं रडणारीचं फडकं जाग्यावर राहतं होय? मागून एक पोरगा ओरडला, "गोरे फार कमी मेले!" त्यावर हशा. राकी भराभर उतरवून घेत होती.

लिहिता लिहिता ती मागे गेली. दिबोरमावशी दाराजवळ जमिनीवर बसली होती. राकीने तिलाही सगळ्यांसारखंच घेतलं. तिला बिचारीला काय माहीत? "आणि ही माझी कोपऱ्यात लपलेली गुलाम काय म्हणते? बोल गं म्हातारे, मालकीण विचारतेय!"

या वेळी कुणी हसलं नाही. वाली हातातल्या जपमाळेचे मणी निरखायला लागला. राकी इकडेतिकडे बघू लागली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

दिबोरमावशी भिंतीला धरून उठली. बाकी सगळे देशभर चालणाऱ्या वोलोफ भाषेत बोलले होते, ती सेरेरमध्ये बोलली, आणि राकीला आमची सेरेर येत नव्हती.

"मालकीणबाई, विचारलंत म्हणून सांगते. सिनेमा चांगला आहे. पोरं बिचारी जीव तोडून मेली. पण मास्तरांनी वाचलेलं नाव चुकलंय. तिथं मेला तो लातीर न्गोम. माझा भाऊ. सेमू इथं मेला, खाटेवर. वालीदादा, तुम्हीच त्याला आंघोळ घातलीत, पाणी मी तापवलं होतं. आता एक करा. चिंचेखाली चला आणि लातीरचं नाव पुकारा. दूध घरात आहे, मी घेऊन येते."

मला वाटलं, झालं, आता वाली उठणार. एक तर तिला हाकलणार, नाही तर चिंचेखाली जाणार. माझ्या मनात खरंच आलं की तो जाईल.

वाली हसला. पोट धरधरून हसला. "वा दिबोर, वा! मालकिणीला काय गोष्ट रचून सांगितलीस!"

लगेच जेगान हसला, बायका हसल्या, मागची पोरं बाकांवर हात आपटून हसली. सगळ्या गावाने मिळून तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. थट्टेच्या नात्यात काहीही बोललं तरी चालतं, म्हणून तर तिने नेमकी ती वेळ साधली होती. पण थट्टेतलं बोलणं कुणी खरं धरायचं नसतं, हाही त्याच नात्याचा नियम. वालीला तो तिच्याइतकाच पाठ होता.

"मास्तर, काय म्हणाली ती?" राकीने मला विचारलं.

वाली हसत हसत माझ्याकडे बघत होता. माझं घर त्याच्या जमिनीवर होतं. पण ती सबब झाली. खरं सांगायचं तर मीही हसत होतो, आणि तोंडावरचं हसू पुसायला मला वेळ मिळाला नाही.

"थट्टा केली तिने," मी म्हणालो. "सिनेमा चांगला आहे म्हणते."

राकीने तेवढंच लिहून घेतलं. दिबोरमावशीला वोलोफ चांगलं कळायचं. ती खाली बसली, पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि लोक उठेपर्यंत तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी शेंगांची पाटी घेऊन दाराशी हजर. मधल्या सुट्टीपर्यंत मी बाहेर गेलो नाही. मग गेलो आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"मावशी, काल माझं चुकलं."

"शेंगा घ्या. गरम आहेत."

"मी आत्ता डाकारला पत्र लिहितो. त्या पोरीला सगळं खरं कळवतो."

"कळवा की. तिचं काय जातंय. ती कुठे चिंचेखाली येणार आहे?" ती सुपात शेंगा पाखडत राहिली. माझ्याकडे रागाने बघेल, निदान तोंड फिरवेल, असं वाटलं होतं. तसं काही नाही.

"मास्तर, एक सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, लोक विसरले. जुनी गोष्ट. म्हातारे मरून गेले, पोरांना कुणी सांगितलं नसेल. म्हणून मी कुणावर रागावले नाही हो कधी. बोलावलं तिथं गेले, सांगितलं ते रांधलं. विसरलेल्या माणसावर काय रागवायचं? म्हटलं, आठवण आपल्या एकटीकडे आहे, आपण सांभाळू."

मी खाली सांडलेल्या शेंगा वेचून तिच्या पाटीत टाकल्या.

"काल मी लातीर म्हटलं आणि सगळे एका दमात हसले. ती शेंबडी पोरंसुद्धा." तिने सुपातली टरफलं फुंकून टाकली. "कोण लातीर, असं एकानेही विचारलं नाही."