उडालेल्या फ्यूजवरची चांदी

फ्यूज कशासाठी असतो हे मला ज्यानं शिकवलं, त्यानंच पुढं माझ्या गाडीचा फ्यूज निकामी केला. आज लिहायला बसलो तरी डोकं तापतं, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

तो माझा तालमीतला दोस्त. धंद्यानं वायरमन. तेव्हा कसबा बावड्याकडं नवी घरं उठत होती, त्यातल्या कितीतरी घरांत पहिला दिवा त्यानं लावलेला. मी कचेरीत कारकून. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी फटफटी घेतली. तीन दिवस त्याची, तीन दिवस माझी, रविवारी दोघांची.

इंजिन खणखणीत होतं, पण वायरिंगची पार रया गेली होती. कापडी वेष्टणाच्या वायरी, हात लावला की वेष्टणाचा भुगा. दोन महिने दर रविवारी त्याच्या अंगणात बसून आम्ही सगळं नव्यानं ओढलं. हँडल वळतं तिथं आणि टाकीखाली वायर लोखंडाला घासते. तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले. हँडलजवळ वायर जराशी सैल सोडली, ओढ बसू नये म्हणून. शेवटी बॅटरीजवळ काचेचा फ्यूज बसवून त्यानं मला व्याख्यान दिलं.

"वायर कुठं लोखंडाला टेकली, की ह्यो गडी पयला मरतो. ह्यो मेला म्हणून बाकीचं वाचतं. उडला, तर दुसरा घालायच्या आदी टेकलंय कुठं ते हुडकायचं. चांदी गुंडाळायची न्हाय. चांदी गुंडाळणारा वायरमन न्हवं, कसाई!"

चांदी म्हणजे सिगरेटच्या पाकिटातला चकचकीत कागद. उडालेल्या फ्यूजवर तो गुंडाळून गाडी दामटणारे त्या काळी कोल्हापुरात पैशाला पासरी मिळायचे. त्यांना हसत हसत आम्ही कामं वाटून घेतली. चेन, ब्रेक, तेल मी बघायचं, वीज त्यानं. बॅटरीवरचं झाकण मी कधीच उघडलं नाही. त्याच्या हातचं काम तपासणं म्हणजे त्याचा अपमान, असं मला वाटायचं. इतका शहाणा मी.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. बायको जयसिंगपूरची. बी. ए.ची परीक्षा ती बाहेरून देत होती आणि केंद्र माहेरचंच. बी. ए. झाली की तिथल्या एका शाळेत तिला घ्यायचं कबूल केलं होतं, आणि त्या नोकरीवर तिचा फार जीव होता. शेवटच्या पेपराआधी चार दिवस मोकळे होते. ती म्हणाली, माहेरीच राहते, अभ्यास होईल. मी म्हणालो, चल घरी, पेपराला मी सोडतो, आपली गाडी आहे की. नवा नवरा, नवी मिजास.

आदल्या संध्याकाळी दोस्त गाडी द्यायला आला. मी विचारलं, "उद्या लांब जायचंय. वायरिंग बरं हाय न्हवं?"

"बिनघोर जा मर्दा," तो म्हणाला. बायकोकडं वळून म्हणाला, "वैनी, पेढं आणा येताना."

सकाळी निघालो. हातकणंगले मागं पडलं आणि माझ्या गुडघ्यांमधून धूर यायला लागला. जळक्या रबराचा वास. गाडी कडेला घेतली, बायकोला लांब ढकललं. सीट उपटून बॅटरीची वायर ओढून काढली, तळहात भाजला. उसाची गाडी घेऊन चाललेला एक शेतकरी उतरला, "लांब व्हा पावणं!" म्हणत त्यानं ओंजळीनं माती टाकली. टाकी पेटली नाही हे नशीब. वायरिंग मात्र हँडलपासून बॅटरीपर्यंत वितळलं होतं.

झाकण निघालं होतंच. आत बघितलं. उडालेल्या फ्यूजवर चांदी गुंडाळलेली होती, तीन-चार पदरी, नीट दाबून. मी सिगरेट ओढत नव्हतो. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि त्या कुंपणावर मी आंधळा भरवसा टाकून बसलो होतो. हाताच्या आगीपेक्षा ती आग जास्त होती.

बराच वेळ हात दाखवल्यावर एक टेम्पो थांबला. केंद्रावर पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता. अर्ध्या तासानंतर आत घेत नसत. बायकोनं फाटकावर विनवण्या केल्या. हातात पेन तसंच होतं.

त्याच दिवशी जळकी फटफटी टेम्पोत घालून मी दोस्ताच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. चांदी पुढं धरली. त्यानं नाकारलं नाही, तेवढा तरी खरा.

"आषाढात सासुरवाडीला गगनबावड्याला गेलतो. पावसात दोनदा फ्यूज उडला. जवळचे संपले. मग चांदी लावली. म्हटलं, घरी गेल्यावर बघू."

"आन् बघितलंस?"

"गाडी चालत होती की."

आषाढापासून चैत्रापर्यंत! पावसाळा सरला, वायर वाळली, दुखणं झाकलं गेलं, पण आत वायर घासतच राहिली. आणि मी दर आठवड्याला त्या गाडीवर बसत होतो.

"काल इचारलं तवा तरी सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर गाडीला परत हात लावू दिला असतास व्हय? तुझा सोभाव म्हाईत हाय मला."

या उत्तरानं मी खचलो. चूक मी माफ केली असती. पण मला ओळखून, मोजून मापून त्यानं केसानं गळा कापला होता. फटफटी मी त्याच्याच दारात सोडली आणि बोलणं तोडलं.

शाळेनं त्या जागी दुसरी बाई घेतली. मी वर्षभर जेवताना, चहा पिताना दोस्ताला शिव्या घालत राहिलो. बायको ऐकून घ्यायची. एकदाच ताट वाढता वाढता म्हणाली, "त्यांनी तुम्हाला फसवलं, खरंय. पण माहेरी राहते म्हटलं तेव्हा नको कोण म्हणालं होतं? मी कुणाच्या भरवशावर मागं बसले होते?"

 एवढं बोलून तिनं भाकरी वाढली.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा फॉर्म भरला. पेपर कधी आहे हे मी दोनदा विचारलं. "आहे अजून," म्हणाली. एका सकाळी जाग आली तर घर शांत. भाकरी झाकून ठेवलेली, अंथरुणाची घडी घातलेली. टेबलावरची तिची पुस्तकं नव्हती. मला न उठवता ती पेपराला निघून गेली होती.