सत्तेचाळिसावा तुकडा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे शास्त्रातलं मी जे लिहीन, ते माझ्या हाताखालून गेलं तेवढंच. बाकीचं मला कळत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सकाळी एका डॉक्टरांच्या दोन खोल्या झाडायची आणि मग सोलापुरातल्या भवानी पेठेत विडी कारखान्यात जायची. हे डॉक्टर औषध देत नसत. ज्या पुरुषांना मूल होत नाही, त्यांच्या रक्तात जन्मापासूनच काही कमीजास्त असतं का, ते शोधत असत. पाटीवर तसं लिहिलं असतं तर कुणी उंबरा ओलांडला नसता, म्हणून नुसतं 'रक्त तपासणी' लिहिलं होतं. तरी लोकांना कळलंच. बायका यायच्या. डॉक्टर म्हणायचे, "तुमचं नको, मालकांचं रक्त पाहिजे." मालक काही यायचे नाहीत.

एकदा डॉक्टर कात्रीनं फोटो कापत बसले होते. इतकं वेडंवाकडं, की मला बघवेना. मी झाडू ठेवला आणि म्हटलं, "द्या इकडं. कारखान्यात असं पान कापलं असतं तर तुम्हाला घरी घालवलं असतं."

मी दहाव्या वर्षापासून पत्र्याचा साचा ठेवून तेंदूची पानं कापत आलेली. डॉक्टरांनी माझा हात पाहिला आणि त्या दिवसापासून कात्री माझ्याकडे आली.

काम असं. रक्त तीन दिवस उबेला ठेवायचं, मग काचेवर घेऊन रंगवायचं आणि त्यातल्या एका पेशीचा मोठा फोटो काढायचा. फोटोत काड्या दिसत, झाडूचे तुकडे सांडल्यासारख्या. डॉक्टर त्यांना गुणसूत्रं म्हणत. त्या एकेक कापून, जोड्या लावून कागदावर चिकटवायच्या. माणसाला शेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. बावीस सारख्या. तेविसावी बाईची सारखी, दोन्ही मोठ्या. पुरुषाची विजोड, एक मोठी, एक लहान. "फोटोच्या कडेला शेजारच्या पेशीची काडी आलेली असते, ती टाकून द्यायची," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

कारखान्यात माझ्या शेजारी बसणारीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. घर रिकामं. सासू रोज तिला भाकरीबरोबर 'वांझ' हा शब्दही वाढायची. मी तिच्या मागे लागून लागून तिच्या नवऱ्याला डॉक्टरांकडे आणवलं. उंच, लांब हातांचा, मागावर चादरी विणणारा. बोलणं कमी. रक्त दिलं. डॉक्टरांनी दुसऱ्या, वीर्याच्या तपासणीसाठी बाटली पुढे केली, तेव्हा ती तशीच टेबलावर ठेवून निघून गेला.

त्या महिन्यात डॉक्टरांना कावीळ झाली. एरवी ते मायक्रोस्कोपात आधी स्वतः मोजत. या वेळी फोटो आणि माझी कात्री, एवढ्यावर भागवलं. शेजारणीच्या नवऱ्याचे तीन फोटो होते, वेगवेगळ्या तीन पेशींचे. पहिल्यात बावीस जोड्या लागल्या, तेविसावी मोठी-लहान लागली आणि एक मोठी काडी उरली. शेजारच्या पेशीची असेल म्हणून टाकली. दुसऱ्यात उरली, तीही टाकली. तिसऱ्या वेळी विचारही केला नाही. विड्यांच्या जुडीत पंचवीस झाल्या की सव्विसावी सुपात परत जाते. हाताला तेच वळण.

डॉक्टरांनी त्या माणसाला सांगितलं, "रक्तात दोष दिसत नाही. पण दुसरी तपासणी झाल्याशिवाय काही खरं नाही." पहिलं वाक्य घरी पोचलं. दुसरं वाटेत राहिलं.

पंधरा दिवसांनी कारखान्यातली ती शेजारीण पान कापता कापता म्हणाली, "आक्का, माझ्या बहिणीला आणायचं ठरलं. पुढच्या सोमवारी."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? त्येंच्यासाटी. सासूनं कोनतर बघितली व्हती. ती आली आस्ती तर मला चुलीम्होरनं उठवलं आस्तं. त्यापरीस माजी बहीण बरी. मीच म्हनलं, तिलाच करा."

"आन तिला इचारलं का?"

"ती काय बोलती? सतरा वर्साची हाय. बार्शीकडच्या खेड्यातनं ती अजून सोलापूर बघाय आलेली न्हाय."

दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण लग्न घरात लागतं आणि कायदा कोर्टात असतो.

मी म्हटलं, "आन तिलाबी न्हाय झालं तर?"

"आसं कसं? त्येंच्या सगळ्या जोड्या बराबर हायत की. तुमीच तर कापल्या."

माझी कात्री थांबली. तीन फोटो, तीन वेळा उरलेली काडी. शेजारच्या पेशीतून काही यायचं तर कधी लहान येईल, कधी मोठं, कधी काहीच येणार नाही. तिन्ही वेळा एकाच मापाचं कसं येईल? त्या दिवशी माझ्या विड्या तपासनिसानं बाजूला काढल्या. मी भांडले नाही.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरांना म्हटलं, "त्या मागवाल्याच्या फोटोतलं मी टाकलंय."

त्यांचे डोळे अजून पिवळे होते. "किती?"

"प्रत्येक फोटोत एक. मोठी काडी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निगेटिव्ह शोधल्या, नवे फोटो काढले, दोरीवर वाळवले आणि मला समोर बसवून पुन्हा कापायला लावलं. मग स्वतः मोजलं. तिन्हींत सत्तेचाळीस. पुरुषाची एक मोठी, एक लहान, आणि बाईला असते तशी आणखी एक मोठी.

"हे पुस्तकात वाचलेलं," ते म्हणाले. "सोलापुरात पहिल्यांदा बघतोय. आणि बाई, तुम्ही ते केरात टाकत होता." मग त्या महिन्यातले सगळे कागद काढून एकेक पुन्हा तपासला. बाकीचे बरोबर होते. त्यांनी मला बजावलं, "इथलं बाहेर एक अक्षर नाही. त्यांच्या बायकोलासुद्धा नाही. सांगायचं का नाही, ते त्यांनी ठरवायचं."

निरोप धाडून त्याला बोलावलं. सोमवारला चार दिवस होते. मी आतल्या खोलीत काचा धूत होते, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी कागद दाखवून समजावलं. मूल होणं जवळजवळ अशक्य, बायको कुठलीही असो.

"औशद?"

"यावर नाही."

"काय खाल्ल्यानं, काय केल्यानं झालं?"

"कशानंच नाही. तुम्ही आईच्या पोटात आलात तेव्हापासून आहे. डोळ्यांचा रंग जसा असतो, तसं. पुरुषपणाला त्यानं काही उणेपणा येत नाही."

डॉक्टरांनी मला पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन त्यानं कागदावरच्या त्या जास्तीच्या काडीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ही व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "मी पयल्यांदा टाकली व्हती. चूक माजी."

तो म्हणाला, "टाकता आली आस्ती तर बरं झालं आस्तं." मग त्यानं डॉक्टरांकडे कागद मागितला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि गेला.

दोन दिवस शेजारीण कारखान्यात आली नाही. मी तोंड मिटून विड्या वळल्या. तिसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले, पण मान वर.

"लगीन मोडलं, आक्का. सोता बार्शीकडं जाऊन सांगून आले. मग घरी यिऊन आईफुडं कागद ठिवला. म्हातारी म्हनली, ह्यो काय चिटकवाचिटकवीचा खेळ? तर म्हनले, दोष माज्यात हाय. आठ वर्सं तिला जे बोललीस, ते आता मला बोल."

"मग बोलली?"

"कसली बोलती! सकाळपासनं गप हाय. मला च्या करून दिला. साखर इसरली, पर दिला."

आता तिला सगळं ठाऊक होतं, तेव्हा माझं तोंड बांधलेलं राहिलं नव्हतं. मी सांगून टाकलं, की तो कागद पहिल्यांदाच बरोबर झाला असता, मीच तीनदा काडी केरात टाकली. तिनं हातातलं पान खाली ठेवलं.

"म्हंजे माजी बहीण..." एवढंच म्हणाली. मग सूप उचललं आणि पार भिंतीकडेला जाऊन बसली.

मी समजूत काढायला गेले नाही. रागावली ते बरोबरच होतं. पुढं डॉक्टरांकडे मी पाच वर्षं कात्री चालवली. जोड्या लावायच्या आधी मोजायचं, आणि उरलं तर कागदाच्या खाली चिकटवायचं, कुणाचंही असो. काय ते डॉक्टर ठरवतील.

शेजारीण आठ दिवस भिंतीकडे बसली. तिथं उजेड नव्हता, पानं वाकडी कापली जायला लागली. नवव्या दिवशी आली, माझं सूप पायानं जरा सरकवलं आणि म्हणाली, "सरका तिकडं." मी सरकले.