लिफ्ट बघून घेतलेलं घर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लिफ्टवाला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पायजम्यावरच गुडघे टेकून बसला होता. ब्रेक किरकिरत होता. तो उघडून त्याने आतली धूळ फुंकली, तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का हो? आठव्या मजल्यावरच्या बाईंना विमान पकडायचंय," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले.

"थोडा वेळ द्या, काका."

"घ्या की! घरचाच माणूस तुम्ही."

घरचाच माणूस दिवसभर कंपनीच्या नोकरीत शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात ही. आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन कुटुंब या महानगरात आलं, तेव्हा त्यांनी पाच-सहा वस्त्या पालथ्या घातल्या. बायको स्वयंपाकघर बघायची, शेजारणीशी बोलून माणसांचा अंदाज घ्यायची. हा थेट लिफ्टमध्ये शिरायचा. इथे त्याने लिफ्टच्या फरशीवर एक नाणं कडेवर उभं केलं. अकरावा मजला आला तरी ते पडलं नाही. "हेच घर," तो म्हणाला. आईचे गुडघे गेलेले, जिना तिला झेपणारा नव्हता, तेव्हा त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"लोक पाणी बघून घर घेतात, शेजार बघून घेतात," बायको म्हणाली होती, "तुम्ही दोर बघून घेतलंत!"

पहिल्याच महिन्यात दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या अध्यक्षांना त्याने मशीनचं चाक हाताने फिरवून सोडवलं. तिथेच माशी शिंकली. देखभाल करणाऱ्या कंपनीला कमिटीने नारळ दिला. तेव्हापासून जेवायला बसलं की बेल, दाढी अर्ध्यावर असली तरी बेल. नाही म्हणावं, तर खाली-वर करताना रोज तीच तोंडं त्याच लिफ्टमध्ये.

बायकोने शेवटी तिच्या बहिणीच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या शोधल्या. घरमालक आज संध्याकाळपर्यंत थांबणार होता. नवरा-बायकोचं ठरलं होतं, आईला सांगायचं तेवढं बाकी होतं.

संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा आई खाली दाराशी चार म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसली होती.

"आला बघा! अरे, तिसऱ्या मजल्याचं बटण आत रुतलंय. मी सांगून टाकलं, माझा मुलगा जेवायच्या आधी करतो म्हणून."

आपल्या नावाने शब्द कोण देत फिरतंय, हे त्याला आत्ता कळलं. तो तिला हात धरून लिफ्टमध्ये घेऊन गेला.

"आई, आपण घर बदलतोय. तळमजला आहे. तुला लिफ्टची गरजच नाही."

"तिथे कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"बसायला." मजल्याचे आकडे बदलत राहिले. "आपल्या जुन्या घरीही तळमजलाच होता. वर्षानुवर्षं खिडकीत बसले, चिमणीसुद्धा विचारायला आली नाही. इथे माझी खुर्ची रिकामी दिसली की फोन येतो."

त्याने दाबलेलंच बटण पुन्हा दाबलं.

"येईन की," आई म्हणाली. "मी काय, सामानच. ठेवाल तिथे राहीन."

ती रडली असती, भांडली असती, तर त्याला उत्तर देता आलं असतं.

घरात बायको फोन हातात घेऊनच उभी होती. "काय सांगू त्याला?"

तो अवजारांच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर शोधत राहिला.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

"नाही म्हणून सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे. "त्या लिफ्टशीच लग्न करायचं होतंत. सासूशी छान पटलं असतं तिचं." आणि नंबर लावला.

तिच्या बोलण्यातलं "सॉरी हं" कानावर घेत तो जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरला.

उद्या ब्रेकची नवी पट्टी बसवायची आहे. सकाळी सहा ते सात लिफ्ट बंद राहील, अशी पाटी अध्यक्षांनी खाली लावली आहे.