गाडी बाबांची, क्लब त्यांचा

"मामा, तुम्ही उतरा. सभासद बसतील."

क्लबचा सेक्रेटरी असं बोलला आणि माझे बाबा स्वतःच्या गाडीतून खाली उतरले. दसऱ्याचा दिवस. वाशीच्या मैदानात जुन्या गाड्यांची पहिली रॅली. सकाळी आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, झेंडूची माळ घातली होती. सेक्रेटरीने रुमाल काढला आणि स्वस्तिक पुसून टाकलं.

"रंग खराब होतो हो, मामी."

आई बाजूलाच उभी होती. तिने पदर पुढे ओढला.

गाडी सुरू होईना. "मामा, जरा मागून हात लावा." बाबांनी लावला. नवी टोपी, धुतलेला सदरा आणि वाकलेली पाठ. गाडी निघून गेली, बाबा धुरात उभे राहिले. मला रडू आलं आणि रडण्याचीच चीड आली.

ही गाडी मुळात मिठागराच्या शेटची. बाबा त्याच्याकडे मीठ ओढायचे. गाडी चिखलात रुतली की ढकलायला बाबा. आत बसायला कधीच नाही. मग नवं शहर आलं. शिरवण्यातली आमची शेतं गेली, मिठागरही गेलं. जमिनीच्या पैशातून कोणी स्कूटर घेतली, कोणी घरावर स्लॅब टाकला. बाबांनी शेटची गाडी घेतली. गाव हसला. "घरान नाय दाना न् मना बाजीराव म्हना."

बाबा एवढंच म्हणाले, "एकदा बसाचा व्हता. बसलो."

वाशीच्या फ्लॅटवाल्या साहेबांकडे वाडवडिलांच्या गाड्या होत्या, पण ठेवायला जागा नव्हती. बाबांनी आमच्या खळ्यावर पत्रे टाकून दिले. भाडं घेतलं नाही. क्लब निघाला तो त्या पत्र्याखाली. जुनी गाडी असेल तो सभासद, हा नियम आमचा चहा पिऊनच ठरला. फोटो काढायच्या वेळी बाबांना कपबशा उचलायला सांगितल्या.

पुढच्या दसऱ्याआधी सेक्रेटरी पुन्हा गाडी मागायला आला. बाबा किल्ली आणायला उठले. मी मध्ये उभी राहिले.

"बाबा सभासद आहेत का?"

"अगं, मामा तर घरचेच."

"आहेत का?"

"ते कमिटी ठरवते."

"मग तुमच्या गाड्या आमच्या खळ्यातून काढा. आजच."

"जाव दे गो बाय," बाबा म्हणाले. मी जाऊ दिलं नाही.

संध्याकाळपर्यंत गाड्या निघाल्या. शेवटची अडली. बाबा सवयीने मागे गेले, वाकले. मी त्यांचं मनगट धरलं. सेक्रेटरीने ओल्या मातीत बूट रोवून गाडी स्वतः ढकलली. बाबांना ते बघवलं नाही. त्यांनी मान फिरवली. आयुष्यभराची सवय माणसाला किती आतून वाकवते, ते मला तेव्हा कळलं.

बाबा आता नाहीत. सभासद न होताच गेले. त्याचं दुःख मला आहे, ते मी लपवत नाही. क्लबवाले अजून निरोप धाडतात, गाडी द्या म्हणतात.

गाडी येईल. बॉनेटवर आईच्या हातचं कुंकू असेल आणि स्टिअरिंगवर मी बसेन. कुंकवाकडे रुमाल आला तर तो हात मी धरीन. आणि गाडी अडलीच, तर ढकलायला सभासदांनी उतरावं. आमच्या घरातलं कोणी वाकणार नाही.