आत्याबाई आणि सेक्रेटरी पक्षी

ह्यांच्या आत्याबाईंनी अख्खी नोकरी स्टेनो म्हणून काढली. साहेबांनी बोलायचं, त्यांनी टिपून घ्यायचं. निवृत्तीनंतर प्राणिसंग्रहालयात हौशी गाईड व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं, तेव्हा घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ह्यांनी आठवण करून दिली, की तिथे लोकांशी बोलावं लागतं. त्या म्हणाल्या, "आजवर दुसऱ्यांचं ऐकलं, आता माझं कोणीतरी ऐकू दे."

चाचणीच्या फेरीला मीही गर्दीत घुसले. पसंत पडल्या तर काम, नाहीतर नमस्कार. व्यवस्थापक हाताची घडी घालून सगळ्यांच्या मागे. आत्याबाईंनी माहितीपत्रक तोंडपाठ केलं होतं, पण बोलत होत्या डिक्टेशन दिल्यासारख्या. दोन शब्द, थांबणं, परत दोन शब्द. माकडं येईपर्यंत निम्मे लोक आइस्क्रीमकडे पांगले.

मग सेक्रेटरी बर्डचं कुंपण आलं. काळी तोकडी विजार घातल्यासारखे लांबलचक पाय, डोक्यामागे पिसांचा झुपका. एका खवचट आजोबांनी विचारलं, हा कुणाचा सेक्रेटरी?

आत्याबाई पत्रक विसरल्या. पूर्वी पिसानं लिहायचे, त्या सांगू लागल्या, आणि कारकून मंडळी ते पीस कानामागे खोचून ठेवायची. याची पिसं तशी दिसली म्हणून हे नाव पडलं, असं म्हणतात. "आमचे हेडक्लार्क अस्सेच चालायचे," म्हणत त्यांनी पर्समधली दोन पेनं कानांमागे खोचली आणि मान ताठ ठेवून कुंपणाकडेनं चालून दाखवलं. पलीकडून पक्षीही त्याच ऐटीत निघाला. हसून हसून पुरेवाट झाली. पांगलेले परतले.

आजोबा मात्र हटेनात. हे खरं कशावरून?

"नक्की कुणालाच माहीत नाही. काहीजण म्हणतात, मूळ शब्द अरबी, शिकारी पक्षी अशा अर्थाचा, त्याचा अपभ्रंश होऊन सेक्रेटरी झालं. पण त्यालाही पक्का पुरावा नाही."

फेरी संपल्यावर व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला घेतलं. पाहुण्यांसमोर चक्क माहीत नाही म्हणालात?

"नोकरीत असताना तसं म्हणायचा धीर झाला नाही कधी," आत्याबाई म्हणाल्या. "आता काढून टाकाल म्हणावं, तर अजून घेतलंय कुठे?"

ते खळखळून हसले आणि रविवारच्या फेऱ्या देऊन टाकल्या.

परतताना बसमध्ये, तो पक्षी सापाला लाथांनी कसा मारतो, ते आत्याबाईंनी आधी मला सांगितलं, मग शेजारच्या बाईंना, मग कंडक्टरला. आमचा थांबा मागे पडला, तरी मी काही त्यांना टोकलं नाही.