अण्णांची दहा मिनिटं

अण्णा टेबलावर गजराचं घड्याळ ठेवायचे आणि दहा मिनिटांनी ते वाजलं की बोलणारा कुणीही असो, त्याच्या हातातला खडू काढून घ्यायचे. एकदा एका प्राध्यापकांचं वाक्यही त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. "पावणं, बसा आता. उरल्यालं चहाला सांगा."

ऐंशीच्या दशकाचा मध्य. कोल्हापुरात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही डझनभर असू. दर रविवारी सकाळी एका टायपिंग क्लासच्या खोलीत जमायचो. संगणक तिथे नसायचाच. फळ्यावर प्रोग्रॅम लिहून ज्याने त्याने आपलं काम समजावून सांगायचं. हा उद्योग अण्णांचा. आमच्या साखर कारखान्याचा एकुलता एक संगणक ते सांभाळत. मला हाताखाली घेऊन त्यांनीच शिकवलं.

त्यांची एक अट होती. बोलायला उभं राहिलं की आधी स्वतःची चूक सांगायची. "जमल्यालं कोणबी सांगतंय की. चुकल्यालं सांगा, म्हंजे बाकीचं वाचत्यात." आमच्यातले शहाणे किरकोळ चुका सांगून वेळ मारून न्यायचे. मीही त्यांतलाच.

अण्णांनी मात्र एका रविवारी खरी चूक मांडली. ऊसतोडीच्या पाळ्या त्यांचा प्रोग्रॅम लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेप्रमाणे लावत असे. तारखेत दिवस आधी लिहिलेला आणि मशीन पहिला आकडाच आधी बघणारं, म्हणून पाच ऑगस्टची लागण वीस जुलैच्या आधी धरली गेली. काही शेतकऱ्यांची तोड मागे पडली. तिसऱ्या दिवशी अण्णांच्याच लक्षात आलं आणि त्यांनीच यादी दुरुस्त केली. कारखान्यात कुणाला पत्ताही नव्हता. "वरीस आधी लिवा, मग म्हैना, मग दिस," एवढं सांगून ते बसले.

सोमवारी मी हे कारखान्याच्या कँटीनमध्ये रंगवून सांगितलं. चारजण हसले, मला बरं वाटलं. बुधवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "अण्णानं पाळ्या चुकवल्या म्हणं. खरं हाय?"

"होय साहेब." त्यांनीच दुरुस्तही केल्या, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "मग मशीन तुला जमंल न्हवं?"

जमेल म्हणालो आणि उरलेलं गिळलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुढे पुष्कळ भेटले. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ कधी उचलली नाही.

अण्णांना यार्डात उसाच्या गाड्यांना नंबर द्यायला बसवलं. ते रविवारी पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागे जो तो आपली बढाईच सांगू लागला, आणि ती ऐकायला कोण येणार? चार महिन्यांत बैठक बंद पडली.

निवृत्त व्हायच्या आदल्या हंगामात त्यांनी मला गेटापाशी थांबवलं. हातात मी छापलेली पाळ्यांची यादी होती. एका गावाची नावं त्यात दोनदा आली होती.

"चुकलीया बघ. मी कुणाला बोललो न्हाय," ते हळूच म्हणाले. "दुरुस्त कर आनि गप ऱ्हा. कुठं सांगत बसू नगंस."

त्यांनी शिवी हासडली असती तर सोसवलं असतं. मी यादी दुरुस्त केली, आणि गप्प राहिलो.